मामा तलाव, ढिवर संस्था आणि ठेक्याच्या कागदात नसलेल्या गोष्टी

पाळीवरचा

धरणांच्या धाग्यावर मासेमारीचं अवांतर वाढत चाललं होतं, म्हणून हा वेगळा धागा. तिथे एकाने चेष्टेत विचारलं होतं, "तलाव सरकारचा, पाणी शेतकऱ्याचं, मग मासे कोणाचे?" पूर्व विदर्भात याच प्रश्नावरून गावंच्या गावं भांडतात.

ज्यांना हा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूरचा काही भाग मिळून सहा हजारांहून जास्त माजी मालगुजारी, म्हणजे पूर्वी मालगुजारांच्या (सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांच्या) ताब्यातले, तलाव आहेत, सरकारी भाषेत 'मामा तलाव'. गोंड राजांच्या काळात जो तलाव बांधेल त्याला त्याखाली भिजणारी जमीन मिळे, असा रिवाज सांगतात. बांधण्याचं कसब मुख्यतः कोहळी समाजाचं. नवेगाव बांधचा मोठा तलाव कोलू पाटील कोहळीने बांधला, असं तिकडे आजही सांगतात. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि पाळीची (बांधाची), तुडुमाची (पाणी सोडायच्या दाराची), पाटाची जी डागडुजी गाव मिळून करायचं ती "आता सरकार करेल" म्हणून थांबली.

या तलावांवर मासे धरणारा समाज ढिवर. केवट, भोई, कहारही आहेत, पण आमच्या भागात मुख्यतः ढिवरच. मासे, शिंगाड्याची शेती, जंगलात ऐन-अर्जुनाच्या झाडांवर टसर कोसा, आणि उरलेल्या दिवसांत दुसऱ्याच्या बांदीत (धानाच्या शेतात) रोवणी-कापणी. स्वतःची जमीन बहुतेकांना नाही, असली तरी नावाला. यांच्या मच्छीमार सहकारी संस्था आहेत आणि तलाव ठेक्याने त्यांनाच प्राधान्याने मिळतात. निदान कागदावर.

आता माझा मुद्दा. तलावावर चर्चा निघाली की ती "ठेका कोणाला" इथेच अडकते: संस्थेला, कंत्राटदाराला की ग्रामपंचायतीला. काही संस्थांचे हिशेब मी जवळून पाहिलेत. माझं मत असं झालंय की ठेक्यात काय लिहिलंय हा प्रश्न जास्त मोठा आहे. ठेक्यात असतं काय? मुदत, बहुतेक वेळा पाच वर्षं. रक्कम. आणि दर हेक्टरी किती मत्स्यबीज सोडायचं. बस. उन्हाळ्यात पाणी किती ठेवायचं, काठ कोण खणणार, तलावातली वनस्पती कोणाची, आधीपासून असलेल्या माशांचं काय करायचं, यावर एक ओळ नसते. संस्थेला पैसे भरायचे असतात आणि बीज घेतल्याची पावती दाखवायची असते. मग ती तेच करते. रोहू, कटला, मृगळ सोडा, वाढवा, मार्चपर्यंत काढा.

ही कार्प मंडळी साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. पूर्वी त्यांचं बीज नद्यांतून गोळा व्हायचं आणि मुख्यतः बंगालमधून रेल्वेने यायचं. 1957 साली हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी ओडिशात अंगुल इथे पियुषिका ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन या माशांचं प्रजनन घडवून आणलं आणि बीज केंद्रात तयार होऊ लागलं. गोष्ट मोठीच आहे. पण तेव्हापासून तलाव म्हणजे दरवर्षी पेरायचं शेत, ही समजूत पक्की झाली. बीज विकत, पाणी पाऊसभरोसे आणि मासा एकाच बाजारासाठी.

तुमच्या भागात काय चाललंय ते लिहा.

धानवाला

धागा चांगला आहे, पण एका गोष्टीवर आधीच बोट ठेवतो. हे तलाव माशांसाठी बांधलेच नव्हते, धानासाठी बांधले. ऑक्टोबरमध्ये पाऊस दगा देतो तेव्हा धान निसवायच्या बेतात असतो आणि एक पाणी मिळालं नाही तर वर्ष हातचं जातं. त्या वेळी तुडुम उघडायचं की मासे सांभाळायचे यावर चर्चा होऊ शकत नाही. आमच्या गावात ढिवर मंडळींशी भांडण नाही, पण "पाणी सोडू नका" असं सांगायला कोणी आलं तर होईल.

पाळीवरचा

धानवाला, खरिपाच्या शेवटच्या पाण्यावर कोणताच ढिवर वाद घालत नाही. वाद उन्हाळी धानाचा आहे. जानेवारीनंतर ज्यांची जमीन तुडुमाजवळ आहे ते दुसरं पीक घेतात आणि एप्रिलपर्यंत तलाव तळाला जातो. मूळ रचना एका पिकाच्या संरक्षक पाण्याची होती. शिवाय त्या दुसऱ्या पिकाचा फायदा गावातल्या थोड्या घरांना होतो आणि तोटा संस्थेच्या सगळ्या सभासदांना. त्यातून गाळपेर आहेच. पाणी उतरलं की उघडी पडलेली जमीन पेरायची, त्यावर फवारणी करायची आणि पहिल्या पावसात ते सगळं तलावात, नेमकं मासे अंडी घालतात तेव्हा.

धानवाला

उन्हाळी धानाचं मान्य. गाळपेरीवर मात्र गरीबच असतात हो, मोठा शेतकरी तिथे जात नाही.

पाणकणीस

वनस्पतिशास्त्र हा माझा विषय, त्यामुळे थोडं लांबेल.

तलाव म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पाण्याचा चकचकीत पत्रा येतो. खरी वस्ती काठाला असते. मालगुजारी तलाव एका बाजूने पाळीने अडवलेला आणि दुसऱ्या बाजूने हळूहळू उथळ होत शेतात किंवा जंगलात मिसळलेला असतो. या उथळ पट्ट्यात वनस्पतींचे थर असतात. पार कडेला देवधान, लव्हाळे, मोथ्याच्या जाती. पुढे तरंगत्या पानांची कमळं, कुमुदिनी. त्याही पुढे पाण्याखाली हायड्रिला, सेरॅटोफायलम, व्हॅलिस्नेरिया. मासे याच झुडपात अंडी चिकटवतात आणि पिल्लं इथेच लपतात. पक्षीही इथेच.

हा पट्टा आज तीन बाजूंनी मारला जातोय.

पहिली बेशरम नावाची झुडूपवजा वनस्पती. ही आयपोमिया मूळची अमेरिका खंडातली. हिला गुरं तोंड लावत नाहीत, फांदी तोडून फेकली तर तिथे रुजते, आणि काठ एकदा हिने घेतला की खाली दुसरं काही उगवत नाही.

दुसरं म्हणजे आपले उपाय. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना 2017 मध्ये आली. गाळ काढायला माझा विरोध नाही. पण तलावाचा गाळ म्हणजे सगळीकडे सारखा चिखल नव्हे. वरच्या थरात पाणवनस्पतींचे कंद आणि बिया असतात. जेसीबी जिथे उभा करायला सोपा तिथे, म्हणजे नेमका उथळ काठावर, उभे कडे असलेले खड्डे मारतो. मग पाणी साठतं जास्त आणि जगतं कमी. मुरूम निघाला तर विचारूच नका, गाळ राहतो बाजूला.

तिसरा प्रकार मासळीवाल्यांना आवडणार नाही. गवत्या कार्प म्हणजे ग्रासकार्प पाणवनस्पती फस्त करतो. सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, तळ उकरून खातो आणि पाणी गढूळ ठेवतो, त्यामुळे खाली उजेड पोचत नाही आणि पाण्याखालची झाडं मरतात. "तलावात गवत फार झालं" म्हणून ग्रासकार्प सोडणारे पाहिलेत मी. ते गवत मरळीचं (हा आपला देशी मासा) बाळंतघर होतं.

खवय्या_नं१

मरळ पुण्यात कुठे मिळेल? (पळतो.)

पाळीवरचा

खवय्या, पळा. :)

पाणकणीस, सुंदर प्रतिसाद. यावर प्रत्यक्ष काम झालंय आणि तेही इथेच. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर आणि ढिवर समाजातल्या जाणत्या लोकांनी मिळून जुन्या मच्छीमारांकडून आधी नोंदी घेतल्या: कोणत्या वनस्पतीत कोणता मासा राहतो, कोण अंडी कुठे घालतो. मग अर्जुनी मोरगाव भागातल्या काही तलावांत उन्हाळ्यात बेशरम उपटली, तळ नांगरला, आणि चांगल्या तलावांतून पाणवनस्पती आणून लावल्या. पुढे निमगावच्या शालू कोल्हे आणि त्यांच्या सोबतच्या महिला गटांनी हे काम उचललं. त्या तलावांत देशी मासे पुन्हा दिसू लागले. बाहेरून बीज न आणता.

सरळहिशेब

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. भावना समजतात, पण जरा हिशेबाने बोलू.

एक. देशी मासा चांगला, पण उत्पादन कार्पचं जास्त, याबद्दल दुमत नसावं. लोकसंख्या वाढली, मागणी वाढली, ती मरळ-शिंगी पुरवणार नाहीत.

दोन. संस्थांना नाममात्र दराने ठेका देणं म्हणजे सार्वजनिक मालमत्ता स्वस्तात देणं. खुला लिलाव केला तर ग्रामपंचायत, जिल्हा परिषदेला खरं मूल्य मिळेल. त्या पैशातून गरिबांना थेट मदत करा.

तीन. बऱ्याच संस्था नावाच्या असतात. मागे एक व्यापारी, पुढे सही करणारे सभासद. मग उघड कंत्राटदार काय वाईट? निदान त्याच्याकडून पैसे वसूल होतील.

टोपलीवाली

मी ढिवर घरातली. लिहायची सवय नाही, पण सरळहिशेब भाऊंचं वाचून राहवलं नाही.

कंत्राटदार आला तर काय होते ते सांगते. तो माणसं बाहेरून आणते, मोठं जाळं टाकते आणि चार दिवसांत तलाव साफ करून ट्रकात भरते. आमच्या माणसाला झाली तर रोजी मिळते. संस्था असली तर माणूस सकाळी पाग (हाताने फेकायचं जाळं) घेऊन जाते, दोन-तीन किलो आणते, त्यातला मोठा मासा संस्थेत जमा होते आणि बारीक मासा, झिंगे घरी. तो बारीक मासा म्हणजे आमचं रोजचं कालवण आणि टोपलीत घेऊन मी गावोगाव विकते तो माल. त्याचा हिशेब कोणत्याच वहीत नाही. कंत्राटदार आला की तो बारीक मासा पहिले बंद होते, कारण तलावात कोणाला उतरूच देत नाही.

आणि पावसाळ्यात, रोवणी झाल्यावर, हाताला काम नसते, किराणा उधारीवर असते, तेव्हा हाच मासा कामी पडते. लिलावाच्या पैशातून मदत येईल म्हणता. कोणाच्या खात्यात? किती वर्षांनी?

व्यापाऱ्याचं मात्र भाऊ खरं बोलले. आमच्या माणसांनी उचल घेतली असते, मग भाव तो सांगेल तो. संस्थेत बीज घ्यायला पैसा नसते म्हणून उचल. उचल आहे म्हणून भाव नाही. भाव नाही म्हणून पुन्हा पैसा नाही.

दुसरं एक. बेशरम काढायला उन्हात आम्ही बाया. विकायला आम्ही. पण सभासद म्हणून नाव माणसाचं. सभेत बसायला गेलो तर "तुम्ही कशाला" म्हणतात. आता कुठे कुठे बायांचे गट तलाव मागून राहिले.

सरळहिशेब

ताई, बारीक माशांचा मुद्दा माझ्या हिशेबात खरंच नव्हता. तो उत्पन्नात धरला तर लिलावाचं गणित बदलतं हे मान्य. उत्पादनाच्या मुद्द्यावर मात्र मी ठाम आहे.

पाळीवरचा

उत्पादनावर: उत्पादन आणि हातात उरणारी रक्कम या दोन गोष्टी आहेत. कार्पला मत्स्यजिऱ्यापासून बोटुकलीपर्यंत वाढवलेलं बीज विकत घ्यावं लागतं, वाहतुकीत मर होते, आणि पाऊस ऑगस्टपर्यंत लांबला तर सोडलेलं बीज वाढायच्या आधीच पाणी उतरतं. मरळ, मागूर, शिंगी यांना बीज लागत नाही. मरळीची जोडी पिल्लांचा थवा स्वतः राखते. हे मासे हवेतला प्राणवायू घेऊ शकतात, म्हणून तलाव डबक्याएवढा झाला तरी जिवंत राहतात आणि जिवंतच बाजारात जातात. बर्फ लागत नाही, भाव कार्पपेक्षा चांगला मिळतो. कार्प बंद करा असं मी म्हणतच नाहीये. बारा महिने पाणी धरणाऱ्या मोठ्या तलावांत कार्प सोडा. जे फेब्रुवारीत गुडघाभर होतात तिथे पावतीसाठी बीज सोडणं म्हणजे पैसे पाण्यात, शब्दशः.

नावाच्या संस्थांवर: उपाय लिलाव नाही. क्रियाशील सभासदांची यादी तलावाच्या काठावर उभं राहून करायची, कार्यालयात बसून नाही. जाळं टाकता येतं का, हे पाळीवरून दिसतं.

भीमाकाठचा

आम्ही उजनीकाठचे. तुमच्यासारखे जुने तलाव नाहीत, 1980 ला पूर्ण झालेलं धरण आहे. पण भोगतोय ते एकच.

भीमा नदी होती तेव्हा आमच्या भोई समाजाची माणसं नदीत मासे धरायची. धरण झालं, पाणी पसरलं, मासळी वाढली, भिगवणला बाजार उभा राहिला. मग चिलापी (तिलापिया मासा) आली. 1952 मध्ये तिला भारतात आणलं, आता ती सगळीकडे आहे. मादी अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते आणि वर्षातून अनेकदा वीण होते, तिला तोड नाही. सुरुवातीला लोक खूश, जाळं कधी रिकामं येत नाही. हळूहळू मोठे मासे कमी आणि चिलापीचा आकारही कमी. आता सकर मासा. कोणाच्या तरी काचेच्या टाकीत मोठा झाला म्हणून पाण्यात सोडला असणार. खायला उपयोग नाही, अंगावरच्या काट्यांनी जाळी फाडतो.

त्यापेक्षा वाईट म्हणजे वडाप. बारीक आसाचं ओढायचं जाळं, मच्छरदाणीसारखं. बोटभर पिल्लंसुद्धा सुटत नाहीत. ओढणारे बहुतेक बाहेरचे, पण माल घेणारे इथलेच. बंदी आहे, कधीमधी कारवाई होते, जाळी जाळतात, चार दिवसांनी नवी येतात. आम्ही पारंपरिक लोक मोठ्या आसाचं तंगूस (नायलॉनचं जाळं) लावून बसतो आणि समोर बीज उचलून नेताना बघतो.

उजनीएवढ्या पाण्यावर पहारा कोण ठेवणार? तुमच्या तलावाला एक गाव आहे. आमच्या पाण्याला तीन जिल्हे.

पाळीवरचा

भीमाकाठचा, शेवटच्या दोन वाक्यांत बरंच काही आलं. लहान तलावावर कोण कधी उतरला ते सगळ्या गावाला कळतं. तिथे नियम ठरवता येतात आणि पाळता येतात. उजनी, जायकवाडी, गोसीखुर्द यांना हे जसंच्या तसं लागू होत नाही. गोसीखुर्दमध्ये तर वैनगंगेवरच्या ढिवरांची वाहती नदीच गेली, आणि नाग नदीतून नागपूरचं सांडपाणी शेवटी त्याच जलाशयात उतरतं.

कायद्याचा_कीस

कायद्याची बाजू कोणी मांडली नाही म्हणून.

1) पाणथळ (संवर्धन व व्यवस्थापन) नियम 2010 मध्ये आले, 2017 मध्ये बदलले. 2017 च्या व्याख्येतून सिंचनासाठी खास बांधलेल्या मानवनिर्मित रचना वगळल्या आहेत. म्हणजे शतकांपूर्वी बांधलेला, कमळांनी भरलेला, सारस उतरतो तो मालगुजारी तलाव "सिंचनासाठी बांधलेला" म्हणून या नियमांबाहेर जाऊ शकतो. दुसरीकडे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्येच उपग्रह नकाशातल्या 2,01,503 पाणथळींना (सव्वादोन हेक्टरहून मोठ्या) 2010 च्या नियमांमधलं संरक्षणाचं तत्त्व लागू केलं. त्या नकाशात मानवनिर्मित तलावही आहेत. यादीत आपला तलाव आहे का, हे पाहण्यासारखं आहे.

2) वनहक्क कायदा 2006, कलम 3(1)(घ). सामूहिक हक्कांमध्ये मासे आणि पाणवठ्यातलं इतर उत्पन्न स्पष्ट लिहिलंय. तलाव वनजमिनीत असेल तर ग्रामसभा दावा करू शकते. ढिवर महाराष्ट्रात भटक्या जमाती (ब) मध्ये येतात, अनुसूचित जमातीत नाहीत, त्यामुळे 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हणून तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा पुरावा लागतो. बरेच दावे इथे अडकतात.

3) पेसा (अनुसूचित क्षेत्रांसाठीचा पंचायत कायदा), 1996. अनुसूचित क्षेत्रात लहान जलसाठ्यांचं नियोजन-व्यवस्थापन पंचायतीकडे, आणि महाराष्ट्राच्या 2014 च्या नियमांत ग्रामसभेला मोठं स्थान. गडचिरोलीत यातून एक अवघड पेच होतो. ग्रामसभा आदिवासीबहुल, मासेमार ढिवर अल्पसंख्य. हक्क ग्रामसभेला मिळाला तर ढिवरांच्या संस्थेचं काय? दोघेही गरीब, दोघांचाही दावा खरा.

4) ठेका धोरण 2017 मध्ये बदललं, संस्थांनी विरोध केला, 2019 मध्ये पुन्हा सुधारलं. त्यातही सगळी चर्चा दर, क्षेत्र आणि लिलावाची मर्यादा यांवर. धागाकर्त्याचा मुद्दा इथे बरोबर आहे: परिसंस्थेबद्दल ठेक्यात जवळपास काही नाही.

पंखपसारा

पक्षीवाली आहे, शिव्या घालू नका. :)

राज्यात सारस आता मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात उरलाय. घरटं बांधतो धानाच्या बांदीत किंवा तलावाच्या उथळ काठावर, म्हणजे ज्या पट्ट्याबद्दल पाणकणीस बोलल्या तिथेच. घरटी राखण्यात शेतकरी आणि मासेमार यांचा वाटा मोठा आहे.

तरीही आमच्या गटांत दरवर्षी कोणीतरी म्हणतं, तलावावर मासेमारी बंद करा, पक्ष्यांना त्रास होतो. नांदूर मध्यमेश्वरला रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला (राज्यातलं पहिलं, 2020 च्या जानेवारीत जाहीर झालं) तेव्हा फोटो काढणाऱ्यांना आनंद झाला. मासेमारांना आधी प्रश्न पडतो की आता होडी घालू देतील की नाही. रामसर करारात 'सुज्ञ वापर' मान्य आहे, लोकांना हाकला असं कुठेही नाही. पण अभयारण्य आणि रामसर एकाच जागी आले की अंमल वन्यजीव कायद्याचा होतो.

माझ्या मते पक्ष्यांसाठी मासेमारी पूर्ण बंद करण्यापेक्षा घरट्यांच्या काळात काठाचा ठरावीक भाग सोडणं पुरतं. बेशरमच्या रानात बदकंही येत नाहीत आणि मासेही नाहीत.

दूरदेशी

कंबोडियातलं तोनले साप सरोवर आठवलं. तिथे फ्रेंचांच्या काळापासून सरोवराचे भाग 'लॉट' म्हणून व्यापाऱ्यांना लिलावाने दिले जायचे, सशस्त्र पहाऱ्यासकट. 2000 नंतर निम्म्याहून अधिक क्षेत्र गावगटांसाठी मोकळं केलं आणि 2012 मध्ये उरलेले सगळे लॉट रद्द झाले. गरिबांना प्रवेश मिळाला हे नक्की. पण गावगटांना पहाऱ्याला पैसा आणि अधिकार पुरेसा मिळाला नाही. पहारेकरी गेले, बारीक जाळी आणि विजेचा शॉक देऊन मासेमारी वाढली. सरळहिशेब यांच्या लिलावाला तो एक इशारा आहे आणि "फक्त लोकांच्या हाती द्या" म्हणणाऱ्यांनाही.

सरळहिशेब

हे उदाहरण आवडलं. म्हणजे हक्क दिला तर सोबत हाकलण्याचा अधिकारही द्यावा लागतो.

टोपलीवाली

आमच्या गावात पहिल्या पावसात सांडव्यावर मासे चढतात तेव्हा सगळं गाव काठ्या-मच्छरदाण्या घेऊन धावते. पोटात गाबोळी असलेला मासा. तो ढिवरच मारते असं नाही, सगळेच मारतात, मजा म्हणून. संस्थेने बोर्ड लावला, कोणी वाचत नाही. यंदा पोरं पाळीपाळीने सांडव्यावर बसवायची ठरवली आहे, पण ती गावातल्या मोठ्या लोकांच्या पोरांना कशी अडवतील?

धानवाला

ताई, तिथे आम्ही शेतकऱ्यांनी उभं राहायला पाहिजे. ढिवराच्या पोराने अडवलं तर भांडण, पाणी वापर संस्थेच्या माणसाने अडवलं तर नियम. आमच्या गावात हा विषय मी बैठकीत घेतो. पण बदल्यात गाळपेरीचा प्रश्न नीट सोडवा. एकदम बंद करू नका, निदान काठापासून काही अंतर सोडून आणि औषधाविना करू द्या.

पाळीवरचा

धानवाला, हा व्यवहार मला मान्य आहे आणि असाच व्हायला हवा. तलाव एक पण संस्था दोन: पाणी वापर करणारी आणि मासे धरणारी. दोघांची बैठक एकत्र होत नाही, कारण दोघांचे विभाग वेगळे. उन्हाळ्यात कोणत्या पायरीच्या खाली पाणी उतरवायचं नाही, एवढा एक आकडा दोघांनी मिळून तुडुमाच्या दगडावर रंगवला तरी बरंच साधेल. तो ठराव दोन्ही संस्थांच्या इतिवृत्तात आणि ग्रामसभेच्या वहीत, असा तिन्ही ठिकाणी हवा, नाहीतर पुढच्या सचिवाच्या वेळी हरवतो.

राज्याने 2025 मध्ये मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. कर्ज, वीज, विमा यांत सवलती अपेक्षित आहेत. पण तळ्याचा मालक किंवा पिंजरे लावणारा त्यासाठी सहज पात्र ठरतो. पागवाल्या ढिवराच्या नावावर ना तलाव, ना सातबारा. त्याला पात्र ठरवायचं तर क्रियाशील सभासदाची नोंद हाच पुरावा धरावा लागेल.

पाणकणीस

एक व्यवहारातली सूचना. गाळ काढायला मशीन येणार असेल तर आधी उन्हाळ्यात काठावर फिरून कुठे कंद आहेत तिथे खुंट्या ठोका आणि तेवढा भाग वगळायला सांगा. खड्डा पाळीकडच्या खोल भागात घ्या, उतार तिरका ठेवा. खोल डोह राहिला तर मासे उन्हाळा काढतात. बेशरम मुळासकट उपटा, कापू नका, आणि उपटलेली पाण्यापासून दूर वाळवून जाळा. काठावर ढीग घालून ठेवलात तर पहिल्या सरीला पुन्हा रुजेल.

टोपलीवाली

जाळताना धूर अंगावर घेऊ नका, डोळे चुरचुरतात. आणि वनस्पती आणायच्या असतील तर ओल्या पोत्यात, सावलीत, त्याच दिवशी लावायच्या. चिखलाच्या गोळ्यात मूळ बांधून पाण्यात सोडलं की बसते.

कायद्याचा_कीस

75 वर्षांच्या पुराव्याबद्दल दोघांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला, इथेच लिहितो. वैयक्तिक कागद नसले तरी चालतं. जुन्या निस्तारपत्रकातली (गावाच्या सामाईक वापरहक्कांची नोंदवही) आणि वाजिब-उल-अर्जमधली (गावच्या रिवाजांची नोंदवही) तलावाची नोंद, संस्थेचे जुने ठेक्याचे करार, गॅझेटियरमधला उल्लेख, आणि गावातल्या वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब हे नियमांत पुरावे म्हणून धरले जातात. एकापेक्षा जास्त पुरावे जोडा. निस्तारपत्रकाची नक्कल तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून मिळते. अर्जात मौजा, तलावाचा गट क्रमांक आणि जुना खसरा क्रमांक दोन्ही लिहा, नाहीतर शोधणाराच सोडून देतो.